कंदवनम मास्तरांचा देवमासा

कंदवनम मास्तरांनी देवमासा पाहिला नव्हता. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती, एक स्वतः मास्तर आणि दुसरी त्यांची बायको पुनितम. मास्तरांनी ती पुनितमला सांगितली नव्हती. पण अशा गोष्टी बायकांना सांगाव्या लागत नाहीत.

तसं म्हटलं तर न पाहण्यात गुन्हा काही नव्हता. पण मास्तर त्रिंकोमालीच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवत होते, आणि जगातला सगळ्यात मोठा प्राणी आपल्या गावासमोरून जातो हे शिकवताना पहिल्याच वर्षी एका आगाऊ पोराने विचारलं, "सर, तुम्ही पाहिलाय?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "पाहिलाय म्हणजे काय! दर वर्षी पाहतो." झालं. त्यानंतर तीस तुकड्यांनी तो देवमासा मास्तरांच्या तोंडून पाहिला. "ओल्या पाटीसारखा निळाशार! आणि बुडी मारताना शेपूट अशी वर काढतो, जणू केळीची दोन पानं!" इथे मास्तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन पंजे पसरायचे. गेल्या काही वर्षांत कॅमेरे लटकवून येणारे गोरे पाहुणेसुद्धा किल्ल्याच्या दारात मास्तरांना गाठून रस्ता विचारायचे, आणि मास्तर त्यांनाही केळीची पानं करून दाखवायचे.

जायचं का नाही, याला कारणं होती. मधली कितीतरी वर्षं युद्धापायी समुद्र बंदच होता. काठावर उभं राहून बघायचा, आत पाऊल टाकायचं नाही. पुढे तो उघडला, तेव्हा मास्तर मुत्तूरच्या फेरीबोटीत एकदा बसले आणि उतरले ते दोन माणसांच्या खांद्यावरून. तेव्हापासून समुद्र आणि मास्तर यांनी एकमेकांचा मान राखून लांब राहायचं ठरवलं होतं.

हे सगळं असंच सुरळीत चाललं असतं. पण व्याही आले.

व्याही म्हणजे अरुळंबलम. कोलंबोला बँकेत मॅनेजर होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी समोरच्याकडे असे बघायचे की आपला कर्जाचा अर्ज आता नामंजूर होणार असं वाटावं. बरोबर विहीणबाई रंजितमलर. दोघं आली होती ती मास्तर आणि पुनितमला कोलंबोला न्यायला. मास्तरांची एकुलती मुलगी वासुकी सासरी, कोलंबोतल्याच वेल्लवत्तेला, तिच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एक फ्लॅट रिकामा झालेला. वासुकी फोनवर रडायची, "अप्पा, तुम्हा दोघांना काही झालं तर मी सहा तास रस्त्यात असणार." तिचं रडणं खरं होतं, त्यामुळे मास्तरांना तिच्यावर रागावताही येत नव्हतं. मग तो सगळा राग व्याह्यांच्या वाट्याला आला.

"लिफ्ट आहे, मास्तर," अरुळंबलम ताटातला वाफवलेला पुट्टू कुस्करत म्हणाले. "खाली दवाखाना. समोर देऊळ. इथे काय आहे तुमच्या गावात? हरणं."

ही हरणं मात्र खरी. त्रिंकोमालीत हरणं किल्ल्यातून निघून बाजारापर्यंत येतात, बसस्टँडवर माणसांशेजारी उभी राहतात, भाताची पाकिटं कागदासकट खातात आणि कुणाच्या बापाला भीत नाहीत. आदल्याच दिवशी एकाने विहीणबाईंच्या अंबाड्यातला मोगरा मागून येऊन ओढून नेला होता. विहीणबाई तेव्हापासून मान सावरूनच बसल्या होत्या.

"हरणं आहेत," मास्तर ताठ होत म्हणाले, "आणि देवमासा आहे."

"देवमासा तिकडे दक्षिण किनाऱ्यावर, मिरिस्साला," व्याही म्हणाले. "आम्ही पाहिलाय ना. दुमजली बोट, वर छत, मध्ये लिंबूसरबत. इकडचे देवमासे केव्हाच तिकडे गेले."

आता, आपल्या घरी येऊन आपल्याच ताटात जेवणाऱ्या माणसाने आपल्या गावाचा देवमासा पळवावा? मास्तरांच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. "रविवारी दाखवतो!" ते ओरडले. "या डोळ्यांनी बघाल! दिसला, तर कोलंबोचं नाव या घरात कुणी काढायचं नाही."

"आणि नाही दिसला तर?"

"तर दिवाळीच्या आत सामान बांधतो!"

"शब्द?"

"शब्द!"

पुनितम वाढत होती. तिचा हात क्षणभर थांबला, मग तिने मास्तरांच्या ताटात न मागता आणखी खोबऱ्याचा सांबोल वाढला. विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "आमच्या पुनितम अक्कांना बरं पडेल लिफ्टचं." पुनितम पुढच्या ताटाकडे वळली. तिला काय बरं पडेल हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्या गडबडीत मास्तरांनीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर मरियदासकडे गेले. मरियदास नववीत भूगोलात दोनदा नापास झाला होता आणि मास्तरांनी भर वर्गात त्याला सांगितलं होतं, "तू होड्याच वल्हवणार!" आता त्याच्या तीन होड्या होत्या, इंजिनवाल्या, आणि गावात त्याच्याइतकं समुद्रातलं कळणारा दुसरा नव्हता. त्याने मास्तरांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला, आणि अगदी नम्रपणे विचारलं, "सर, अरबी समुद्र कुठल्या बाजूला असतो हो?" मास्तरांनी चहाबरोबर तेही गिळलं.

"नेतो की," मरियदास म्हणाला. "पण सर, परवानगीचा कागद लागतो हल्ली. बसणाऱ्या प्रत्येकाचं नाव, सही, शिक्का. त्याशिवाय मी दोरी सोडत नाही."

कचेरीत कारकून म्हणून बसला होता सुगिर्तन, तोही मास्तरांचाच विद्यार्थी. उठून उभा राहिला, फॉर्म पुढे केला. मास्तरांनी चार नावं सुवाच्य अक्षरात लिहिली आणि पाचव्या ओळीवर त्यांचं पेन अडलं.

"इथे दोनच रकाने आहेत. परदेशी पर्यटक आणि देशी पर्यटक."

"देशीवर खूण करा, सर."

"मी पर्यटक नाही."

"सर, बोटीत बसणारा पर्यटकच असतो."

"सुगिर्तन, मी अडुसष्ट वर्षं या गावात राहतोय. माझी नाळ इथे पुरली आहे!"

"खरंय, सर. पण नाळेसाठी रकाना नाही."

मागे रांग वाढली. रांगेतला एक जण म्हणाला, "करा हो खूण, काय फरक पडतोय!" मास्तर त्याच्याकडे वळले आणि काय फरक पडतो ते त्यांनी सात-आठ मिनिटं सांगितलं. ते ऐकून रांगेतले दोघे निघूनच गेले. शेवटी पर्यटकाची ओळ रिकामी ठेवून फॉर्मवर शिक्का बसला. सुगिर्तनने डोळे मिटून मारला.

मास्तर विजयी होऊन घरी आले. शिक्क्याची शाई ओली होती म्हणून फॉर्म ओसरीवरच्या टेबलावर ठेवला, वर चष्म्याचं घर ठेवलं आणि हातपाय धुवायला आत गेले. ओसरीवर व्याही पेपर वाचत होते. मास्तर परत आले तेव्हा चष्म्याचं घर जमिनीवर होतं आणि पायरीवर एक हरीण शांतपणे शेवटचा कोपरा चघळत होतं.

"अहो!" मास्तर किंचाळले. "तुम्ही समोर बसलाय ना?"

"मला वाटलं तुमचंच आहे," व्याही म्हणाले. "मी त्याला म्हटलंही, पुरे कर. ऐकेना."

मास्तरांनी चप्पल उचलली. पण हरीण संरक्षित प्राणी, त्याच्यावर चप्पल उगारली तर दंड व्हायचा. ते त्यांनीच शाळेत शिकवलेलं. त्यांनी चप्पल खाली ठेवली आणि हरणाला वर्गात पोरांना म्हणायचे ते सगळं म्हणून घेतलं. हरणाने शिक्कासुद्धा खाल्ला आणि अंगणातून निघून गेलं.

कचेरीत पुन्हा. आता नवा फॉर्म हवा तर जुना कसा गेला याचा लेखी खुलासा. मास्तरांनी लिहिलं, "सदर फॉर्म सरकारी हरणाने खाल्ला."

"'सरकारी' काढा, सर," सुगिर्तन घाम पुसत म्हणाला. "ती खात्याविरुद्ध तक्रार होते. मग चौकशी लागते. असं लिहा ना, नैसर्गिक आपत्तीत नष्ट झाला."

"काय म्हणालास?"

सुगिर्तनला आपली चूक कळली, पण उशीर झाला होता.

"नैसर्गिक आपत्ती किती? सांग! सातवीत शिकवल्या होत्या मी तुला!"

"पूर... वादळ... भूकंप... सुनामी... दुष्काळ..."

"त्यात हरीण आहे?"

"नाही, सर."

"मग खोटं कशाला लिहायला सांगतोस?" मास्तर गरजले. आणि तीस वर्षं केळीची पानं करून दाखवलेल्या माणसाने हे वाक्य किती निर्भयपणे म्हटलं, याचं त्यांना स्वतःलाही पुढे घरी जाताना थोडं नवल वाटलं.

खुलासा जसाच्या तसा राहिला. नव्या फॉर्मवर तेच दोन रकाने होते. या वेळी मास्तरांनी वाद घातला नाही. खिशातून सहा इंची पट्टी काढली, दोन रकान्यांखाली तिसरा आखला, त्यात लिहिलं 'इथला', आणि त्यावर खूण केली. सुगिर्तनने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, शिक्का मारला आणि हळूच म्हणाला, "रेघ मात्र झकास मारलीत, सर."

एव्हाना गल्लीत बातमी पसरली होती. शेजारचे सीनित्तंबी, रेल्वेतले निवृत्त गार्ड, वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आले. "सदऱ्याच्या आत, पोटाला लावून घडी ठेवायची. उलटीची बिशाद नाही." समोरचे नजिमुद्दीन हाजियार शिंपी, ते लिंबं घेऊन आले. "कागदाने काय होतंय? हुंगत राहा. आणि तोंड किनाऱ्याकडे ठेवा." सीनित्तंबी म्हणाले, तोंड इंजिनाकडेच हवं. हाजियार म्हणाले, इंजिनाकडे तोंड केलेला त्यांचा मेहुणा अजून अंथरुणाला खिळून आहे. दोघंही समुद्रावर कधी गेलेले नव्हते. पण मास्तरांनी तो मुद्दा काढला नाही, कारण तो काढणं त्यांना परवडणारं नव्हतं.

रविवारी उजाडता उजाडता मंडळी किनाऱ्यावर आली. मास्तरांच्या पोटावर तमिळ दैनिकाची पूर्ण रविवार पुरवणी होती, त्यामुळे श्वास घेतला की ते कुरकुरायचे. व्याह्यांच्या गळ्यात दुर्बीण. छोट्या पिळ्ळैयार गणपतीपुढे नारळ फोडायचा, तो मास्तरांकडून तिसऱ्या आपटीला फुटला. "मिरिस्साला एका फटक्यात फुटला होता," व्याही म्हणाले.

मरियदासने होडी ढकलायच्या आधी सगळ्यांना उभं केलं. "पाण्यावर दोन गोष्टी करायच्या नाहीत. त्याचं नाव घ्यायचं नाही, आमच्या होडीत त्याला 'थोरले' म्हणतात. आणि बोट दाखवायचं नाही. बोट दाखवलं, आरडाओरडा केला, की थोरले पाठ फिरवतात. माझ्या आजोबांपासून हे चालत आलंय."

"अंधश्रद्धा," व्याही म्हणाले, आणि किनाऱ्यापासून पन्नास हात गेल्यावर मोठ्याने विचारू लागले, "कुठाय देवमासा? मरियदास, देवमासा कुठाय?" दर वेळी मरियदास समुद्राकडे बघून हात जोडायचा.

तासाभराने डॉल्फिन आले. होडीच्या दोन्ही अंगांनी उड्या मारत चांगले पंधरा-वीस. विहीणबाईंनी टाळ्या पिटल्या. "हे शर्तीत धरायचे नाहीत," व्याही म्हणाले. मग जमीन दिसेनाशी झाली, लाटा लांब आणि सुस्त झाल्या, होडी वर जाऊन खाली येऊ लागली, आणि मिरिस्साचे वीर अचानक बोलायचे थांबले. दुर्बीण सुटली. "ती बोट... दुमजली होती," एवढं ते म्हणाले आणि होडीच्या काठावर ओणवे झाले. पाठोपाठ विहीणबाई. थोड्या वेळाने दोघं होडीच्या तळाशी जाळ्यावर आडवी झाली आणि तोंडावर ओले टॉवेल ओढून घेतले. पुनितम मधल्या फळीवर बसली होती. पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढलेला, दोन्ही हातांनी फळी धरलेली, मान खाली.

आणि मास्तर? मास्तर ताठ. लिंबू कधीच पाण्यात पडलं होतं, पुरवणी घामाने भिजून लगदा झाली होती, पण त्यांना मळमळलंही नाही. राग माणसाला असा उभा धरतो! चौथा मजला, लिफ्ट, खिडकीतून समोरच्या इमारतीची वाळत घातलेली लुंगी, हे सगळं डोळ्यांपुढे आणून मास्तर पाण्याकडे टक लावून बसले होते. ये, ते मनात म्हणत होते. तीस वर्षं तुझी जाहिरात करतोय फुकट. एकदा ये.

थोरले आले नाहीत. आली ती इंजिनाला उचकी. दोन ठसके देऊन ते बंद पडलं. मरियदासने झाकण काढलं आणि कमरेपर्यंत आत वाकला. सगळीकडे एकदम शांत झालं. होडीवर लाटांची चपचप तेवढी.

आणि मास्तरांच्या डाव्या अंगाला, वीस-पंचवीस हातांवर, कुणीतरी श्वास सोडला.

केवढा मोठा श्वास! पाण्याचा फवारा माडाएवढा वर गेला आणि मास्तरांच्या चष्म्यावर तुषार उडाले. मग पाठ वर आली. ती निळी नव्हती. राखाडी होती, भिजलेल्या सिमेंटसारखी, आणि तिच्यावर फिकट डाग होते. ती पाठ यायची थांबेचना. मास्तरांना वाटलं आता संपेल, आता संपेल, तर आणखी पाठ. मागे एवढासा पंख. आणि शेपूट? शेपूट वर आलीच नाही. केळीची पानं नाहीत, काही नाही. ते एवढं मोठं जनावर कुणाला काही दाखवायला आलंच नव्हतं. श्वास घेतला आणि आपल्या वाटेने पाण्याखाली गेलं.

मास्तरांचा हात उठला होता, बोट दाखवायला. पण मरियदासने बजावलेलं आठवून त्यांनी मूठ मिटली. ओरडायला तोंड उघडलं, तर आवाज नाही. त्यांना एकदम रडू आलं. खरंच होतं ते. आपण पोरांना सांगितलं तेवढं मोठं होतं, त्याहून मोठं होतं.

ओल्या टॉवेलाखालून व्याही क्षीणपणे म्हणाले, "मास्तर... आता तुम्हालाही उलट्या व्हायला लागल्या का?"

"पाहिलंत?" मास्तरांना आता कुठे आवाज फुटला. "थोरले! आत्ता! इथे!"

व्याह्यांनी टॉवेल बाजूला केला. विहीणबाई कण्हत उठल्या. मरियदासने काळंकुट्ट तोंड इंजिनातून बाहेर काढलं. समुद्र रिकामा होता. सकाळपासून जसा होता तसाच.

"कुठे?" व्याही म्हणाले.

परतीच्या वाटेवर मास्तर एकटेच बोलत होते. राखाडी, डाग, फवारा, सगळं. तीस वर्षांत पहिल्यांदा ते खरं सांगत होते आणि पहिल्यांदाच कुणी विश्वास ठेवत नव्हतं. मरियदास म्हणाला, "असतील, सर. मी इंजिनात होतो." त्या 'असतील'ची कीव मास्तरांना नापास झाल्यासारखी लागली.

घरी आल्यावर, तोंडबिंड धुऊन, ओसरीवर पंख्याखाली बसून, व्याह्यांनी निकाल दिला. गल्लीतली मंडळी जमली होतीच. सीनित्तंबी, हाजियार, दोघंही.

"मास्तर, वाईट वाटून घेऊ नका," अरुळंबलम म्हणाले. "बोटीत पाच माणसं. एकालाच दिसतो, बाकी चौघांना नाही. असं कसं? गेल्या आठवड्यापर्यंत तुमचा देवमासा निळा होता, आज राखाडी झाला. शब्द दिलाय तुम्ही. दिवाळीच्या आत, असं म्हणाला होतात."

"मी पाहिला!" मास्तर ओरडले. "नसेल पटत तर नका मानू! मी पाहिला!"

पण शब्द दिला होता. दिलेला शब्द मास्तरांनी आजवर मोडला नव्हता. ते खुर्चीत बसले आणि अंगणातल्या कढीलिंबाकडे बघत राहिले.

"एकालाच कसा?" आतून आवाज आला. पुनितम दारात उभी होती, हातात सरबताचं तबक. "मीपण पाहिला."

विहीणबाई म्हणाल्या, "अक्का, तुम्ही तर पदर..."

"पदराला किती भोकं आहेत ते घरच्या बाईला विचारा." पुनितमने तबक व्याह्यांपुढे धरलं. "ओल्या पाटीसारखा निळाशार होता. आणि बुडी मारताना शेपूट अशी वर काढली, जणू केळीची दोन पानं."

मास्तर दचकले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती.

"आणि दुसरं, मॅनेजरसाहेब," ती त्याच आवाजात म्हणाली, "शब्द दिला तो यांनी. मला कुणी विचारलं नव्हतं. मी या घरातून कुठेही जात नाहीये. वासुकीला मीच फोन करते. पोर आपली आहे, समजेल. तिला काळजी वाटली तर तिने इकडे यावं, सहा तास काय, समुद्र आहे, हवा आहे. सरबत घ्या, तुमचं पोट अजून बसलं नसेल."

आता व्याही काय बोलणार? विहिणीला तिच्याच ओसरीवर, अख्ख्या गल्लीसमोर खोटी म्हणायची पद्धत कोलंबोलाही नाही. त्यांनी सरबत घेतलं. हाजियार म्हणाले, "वहिनी बोलल्या म्हणजे संपलं." आणि सीनित्तंबींनी लगेच सांगितलं की हे सगळं वर्तमानपत्रामुळे जमलं.

संध्याकाळची बस धरून व्याही-विहीण गेले. जाताना विहीणबाईंच्या अंबाड्यातला नवा मोगरा हरणाने पुन्हा नेला, आणि त्या तशाच बसमध्ये चढल्या.

स्वयंपाकघरात पुनितम तांदळाच्या शेवयांचे इडियप्पम वाफेवरून काढत होती. मास्तर बराच वेळ दाराशी घुटमळले. मग हळूच आत आले.

"पुनितम."

"हं."

"तो... तो निळा नव्हता गं. राखाडी होता. आणि शेपूट वर काढलीच नाही त्याने."

"बरं."

"तू खरंच पाहिलास?"

पुनितमने ताट त्यांच्यापुढे सरकवलं, वर सांबोल वाढला.

"तीस वर्षं तुम्ही बघत होतात," ती म्हणाली. "मी विचारलं का कधी?"